खुणेची जागा

"अगं निलोफर, मी रिटायर झाले ना! आता हे सक्शन मशीन घेऊन मी कुणाच्या घशातला कफ ओढत बसू?"

पलीकडून उत्तर येईना. निलोफर म्हणजे आमच्या निमोण्याच्या उपकेंद्रातली सीएचओ, समुदाय आरोग्य अधिकारी. तिशीची पोर, माहेर दौंडचं, बोलायला लागली की हात जोडून थांबवावं लागतं. ती गप्प राहिल्यावर मला वाटलं, रेंज गेली.

"हॅलो? मशीन झ्याक हाय हां. मुठीत मावतंय, चार्जिंगचं हाय. जन्मभर ते पायानं दाबायचं सक्शन दाबून माझ्या गुडघ्याची वाट लागली. आता घरी ठिवून ह्याचं काय लोणचं घालू? उपकेंद्रालाच असू दे."

"सिस्टर, ते पेशंटसाठी न्हाई."

"मग?"

"तुमच्यासाठी हाय."

"मला कुठं कफ झालाय?"

यावर ती जी हसत सुटली, ती थांबेचना. हसून हसून ठसका लागला. मग पाणी प्यायल्यासारखा आवाज आला आणि ती हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, लघवीची नळी घालताना आपण काय करतो? वरची खूण बघतो, ती सोडतो आन् खाली येतो. व्हय ना? ह्या टायमाला ती सोडायची न्हाई. तिथंच लावायचं. बाकी समदं कागदात लिहिलंय."

आता चौतीस वर्षं नर्सगिरी केलेल्या बाईला यापुढं काही सांगायची गरज नसते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"निलोफर, तुझ्या आईच्या वयाची हाय मी!"

"म्हणूनच दिलं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणला व्हता ना त्या दिवशी."

त्या दिवशी म्हणजे पाळी गेलेल्या बायकांची मीटिंग होती त्या दिवशी. बायका गेल्यावर आम्ही दोघी चहा पीत बसलो होतो आणि मी सहज बोलून गेले होते, की माझा येशुदास भला माणूस होता, पण ते जे काही नवरा-बायकोचं असतं ते मला कायम ड्यूटीसारखं वाटलं. लागली, केली, हात धुतले. निलोफरनं कप खाली ठेवून माझ्याकडं बघितलं होतं. पुढं माझ्या निरोप समारंभाला सगळ्यांनी शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ असं रीतसर दिलं, आणि या पोरीनं ही छोटी डबी हातात कोंबून म्हटलं, "घरी उघडा. एकट्या असताना."

मी फोन ठेवला आणि डबी कपाटात, चर्चला नेसायच्या पांढऱ्या साड्यांच्या खाली सारली. वर कुलूप लावलं. शिरूरच्या त्या दोन खोल्यांत माझ्याशिवाय कुणी नाही, तरी लावलं.

खरं सांगायचं तर मला राग निलोफरचा आला नव्हता. तिनं जे वाक्य म्हटलं, ते माझ्या ट्यूटर सिस्टरचं होतं. ट्रेनिंगला असताना त्या हातात पट्टी घेऊन तक्ता शिकवायच्या. "वरती दाणा दिसेल. ती नुसती खूण. खूण बघा, सोडा, खाली या." पुढं चौतीस वर्षं मी ती बघितली, सोडली, खाली आले. किती बायकांना नळी घातली, किती जणींचे टाके घातले, कोण मोजतंय! लिव्हर काय करतं, किडनी काय करते, हे मला झोपेत विचारा. तो दाणा काय करतो हे मी कधी विचारलं नाही. परीक्षेला नव्हतंच ते.

एक बाई मात्र मला विचारायला आली होती. निमोण्याची धुरपदा. सव्वीस वर्षं झाली त्याला. तिसऱ्या बाळंतपणानंतर टाके दाखवायला आली, तपासून झालं, तरी उठेना. उपकेंद्राच्या पायरीवर बसून राहिली. शेवटी जमिनीकडं बघत म्हणाली, "सिस्टरबाई, त्येला जे घावतं ते मला कवाच घावलं न्हाई. माझ्यात काय कमी हाय का?" मी तेव्हा बत्तीस वर्षांची, दारात पोलिओच्या डोसची रांग लागलेली. म्हटलं, "बाईमाणसाला तसलं काय नसतं. तीन लेकरं झाली, आणखी काय पायजे?" आणि आयर्नच्या गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. आमच्याकडं कुठल्याही तक्रारीला आयर्नच्या गोळ्याच असत. ती उठली आणि गेली.

डबी तीन आठवडे कुलपात राहिली.

मग एका मंगळवारी दुपारी जेवण झालं, भांडी झाली, आणि ते निरोप समारंभाचं घड्याळ भिंतीवर टकटक करत माझ्याकडं बघत बसलं. तीनला दहा कमी होते. मनात आलं, राहेल, तू सापाच्या विषाला भ्याली नाहीस, या बोटभर यंत्राला काय भितेस? उठले आणि कुलूप काढलं.

सवय कुठं जाते? कोपरापर्यंत हात धुतले. यंत्र साबणानं धुतलं, उकळलेलं पाणी गार करून पुन्हा पुसलं. पलंगावर मेणकापड अंथरलं आणि मग माझं मलाच हसू आलं. कुणाची डिलिव्हरी होती? मेणकापड काढून स्वच्छ चादर घातली, पडदा ओढला, चष्मा लावून कागद दोनदा वाचला. यंत्र तळहातावर लावून बघितलं, मग गालावर. नुसती हलकी, भुरभुरती ओढ. म्हटलं, एवढ्यानं काय होणार? आमचं सक्शन बादलीभर पाणी ओढायचं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही, कारण मी चुकले. हात आपोआप खूण सोडून खाली गेला. हसू नका, चौतीस वर्षांचं वळण आहे. थोडा वेळ ते यंत्र गुणगुणत राहिलं आणि मी छताकडं बघत राहिले. वाटलं, अठ्ठावन्न झाली, आता काय उरलंय? बंद करणार होते. तेवढ्यात निलोफरचं बोलणं आठवलं, आणि मी बोटभर वर आले. जन्मात पहिल्यांदा त्या खुणेपाशी थांबले.

पुढचं कसं सांगू? लाज वाटते म्हणून अडत नाही, शब्द नाहीत म्हणून अडतंय. उपकेंद्रात लाइट जायची तेव्हा आम्ही एका खोलीत बॅटरी धरून काम करायचो. बाकीच्या खोल्या असून नसल्यासारख्या. मग एकदम लाइट आली की सगळं उजळायचं. तसं झालं. बोटांच्या टोकांपर्यंत झालं, टाचांपर्यंत झालं. माझ्यात एवढ्या खोल्या आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मला एका बाईचा आवाज ऐकू आला. बायकांचे आवाज मला कळतात, तेच माझं काम. कळ कितव्या मिनिटाला आली, बाई भ्यालीय की थकलीय, हे मी भिंतीपलीकडून सांगते. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. तो माझा होता.

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी घड्याळाकडं बघितलं. तीन वाजून एकोणीस मिनिटं. जन्माची वेळ लिहायची सवय, दुसरं काय.

मग मी तशीच पडून रडले, आणि रडताना हसत होते. किडनीला काम आहे, जठराला काम आहे, गर्भपिशवीला तर केवढं काम. या एवढ्याशा दाण्याला दुसरं कुठलंच काम नाही. देवानं बाईच्या अंगात एक जागा केली आणि तिच्यावर कसलीही ड्यूटी लावली नाही! देवा, हे तू केलंस, आणि अठ्ठावन्न वर्षं मला पत्ता नाही? मी मोठ्यानं म्हणाले, "केवढं हाय हे! केवढं!" खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. चर्चमध्ये सगळी गात असतानाही कधी आलं नव्हतं एवढं मन त्या दुपारी भरून आलं.

आणि मग येशुदास आठवला. दौंडला रेल्वेत गार्ड होता. मी आठवडाभर निमोण्यात, शनिवारी एसटी पकडून दौंडच्या क्वार्टरवर. दिवा घालवल्यावर, सगळं झालं की तो हमखास विचारायचा, "ठीक ना, राहेल?" ड्रायव्हरला झेंडी दाखवावी तितक्या काळजीनं विचारायचा. मी म्हणायचे, "ठीक." तीस वर्षं त्यानं विचारलं आणि तीस वर्षं मी ठीक म्हटलं. त्या माणसाला कुणी सांगितलं असतं तर त्यानं नक्की ऐकलं असतं. पण सांगणार कोण? त्याच्या घरातली नर्सच अडाणी. तो जाऊन सहा वर्षं झाली आणि त्या दुपारइतकी मला त्याची कधी कीव आली नाही, त्याची आणि माझी.

त्याला सांगणं राहूनच गेलं. धुरपदा मात्र अजून निमोण्यात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडापच्या जीपमध्ये बसले. धुरपदा आता शाळेत खिचडी शिजवते. तिचा नवरा कारेगावला कंपनीत लागला आणि तिकडंच दुसरी करून राहिला, त्यालाही वीस-बावीस वर्षं होऊन गेली. तिन्ही लेकरं हिनं एकटीनं वाढवली. शाळेच्या मागच्या ओट्यावर मांडीत परात घेऊन ती तांदूळ निवडत बसली होती. शेजारी मसुराची पिशवी. आत पोरं पाढे म्हणत होती.

"या सिस्टरबाई! रिटायर झाला आन् वाट चुकला व्हय?"

"तुझ्याकडंच आले." मी तिच्यासमोर बसले. "धुरपदा, तू मला एकदा एक गोष्ट इचारली व्हतीस. धाकट्याच्या येळंला, पायरीवर बसून."

तिचा हात तांदळात थांबला. मला वाटलं होतं, आठवण करून द्यावी लागेल.

"इचारली व्हती," ती म्हणाली.

"मी तुला चुकीचं सांगितलं."

"तपासून सांगितलं व्हतं की तुम्ही."

"तपासले ते टाके. तू जे इचारलंस ते मलाच ठाव नव्हतं. आन् ठाव न्हाई म्हणायची लाज वाटली."

धुरपदानं तांदळातून एक खडा काढला, ओट्याखाली टाकला. मग संथपणे बोलायला लागली. "त्यो म्हणायचा, लाकूड हाईस तू, तुझ्यात कमी हाय. दुसरी आणतो म्हणला तवा माझा भाऊ म्हणला, चार माणसं बसवू, त्याला जाब इचारू. मीच नको म्हणलं. म्हणलं, त्याचं खरं हाय. सिस्टरबाईंनी बी बघितलं आन् गोळ्या दिल्या. कमी असल्याबिगर गोळ्या देत्यात व्हय? शंभरच्या शंभर खाल्ल्या मी. एक दीस चुकवला न्हाई."

ती गोळ्यांची पाकिटं मी हजारांनी वाटली असतील. त्यातल्या एका पाकिटानं एका बाईला तिच्याच घरात गुन्हेगार केलं होतं, आणि मी तिला दर वर्षी बघत होते, हसून 'बरी हायस का' विचारत होते.

"मग आता कसं ठाव झालं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. यंत्राचं, कुलपाचं, मेणकापडाचं, सगळं. धुरपदानं पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले. "अगं बया! सिस्टरबाई, तुम्ही?" हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिली.

मी तिच्या मांडीवरची परात माझ्याकडं ओढली. तांदूळ हातानं पसरला आणि किशोरी मुलींना दाखवायच्या तक्त्यावर असतं तसं चित्र बोटानं काढलं. चौतीस वर्षं दाखवलेलं चित्र, डोळे मिटून काढता येतं. "हितनं बाळ येतं. हितनं लघवी. हे तुला ठाव हाय." मग पिशवीतून मसुराचा एक दाणा घेतला आणि तक्त्यावर जिथं कुणी काही काढलेलं नसतं तिथं, वर, ठेवला. "आन् ही ती जागा."

ती वाकून बघत राहिली. "एवढीच?"

"दिसती एवढी. हाय लई मोठी."

"माझ्यात बी हाय?"

"हाय. तुझे टाके घातले तवा मी बघितली व्हती. खूण म्हणून."

"म्हंजी तवाबी कमी नव्हतं."

"तवाबी नव्हतं, धुरपदा. कवाच नव्हतं."

आत सतराचा पाढा संपून अठराचा सुरू झाला. धुरपदानं मला बोल लावला नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं परात परत मांडीवर घेतली.

"गुर्जी येतील," ती म्हणाली आणि परात हलवून तांदूळ सपाट केला. मसुराचा दाणा तेवढा तिनं आधी उचलला होता. मला वाटलं, पिशवीत टाकेल. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि चुलीवरचं आधण बघायला उठली.