डावं चाक

जॅकवर उचललेल्या छोट्या विमानाचं डावं चाक कमळाकरने हाताने फिरवलं, नट जरा आवळला आणि पुन्हा फिरवलं. आतलं बेअरिंग झिजलं होतं, म्हणून सकाळपासून तो नवं बसवत होता. बायको मैना वारल्यानंतर आज तो पहिल्यांदाच कामावर आला होता.

पायलट केतन मधूनमधून डोकावून जात होता. चाक विमानाला लावायचंय की देव्हाऱ्यात ठेवायचंय, असं विचारून एकदा हसलाही. इंजिनिअर असलेली पूर्वी काम ठीक झाल्याची सही करायला पेन काढूनच उभी होती. चाकाचं काम कमळाकरने केलं असलं की ते पुन्हा तपासायची गरज तिला वाटत नसे. नट किती आवळायचा ते त्याच्या पंजाला कळतं, असं शेडमध्ये सगळेच म्हणत.

त्याने आणखी एकदा चाक फिरवलं. हाताला काहीच कळलं नाही.

मैना गेली त्या दिवशीही कळलं नव्हतं. विचुंबे गावातल्या घरातून सकाळी निघताना त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला होता. झोपली आहे असं समजून तिची चादर नीट केली, तिचा चहा झाकून ठेवला आणि ड्युटीवर आला. दुपारी शेजारच्या सखूबाईंचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, रात्रीच गेल्या.

"झालं ना, काका?" पूर्वीने विचारलं.

हो म्हटलं असतं तर विमान सुटलं असतं.

"सही नको करू," तो म्हणाला. "माझ्या हाताला कळत नाय. तू बघ."

तिला आधी थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बघून तिने पेन खिशात टाकलं आणि खाली बसून चाक फिरवलं.

"खरखर लागतेय, काका."

चाक उतरवलं. बेअरिंग नवं होतं, पण ते ज्या पोलादी वाटीत फिरतं ती वाटी जुनीच राहिली होती. दोन्ही एकदमच बदलायचं, हे ती शिकाऊ असताना त्यानेच पूर्वीला सांगितलं होतं. नवी वाटी कागदात गुंडाळलेली तशीच ट्रेमध्ये पडली होती.

केतन काही बोलणार होता. पूर्वीने त्याला चहा घेऊन यायला पाठवलं.

"तुम्ही आज घरी जा. मी करते."

"घरी काय करू?"

तिने टॉर्च त्याच्या हातात दिली आणि जुनी वाटी काढायला घेतली. तो शेजारी गुडघे टेकून बसला. तिची बोटं जिथे जातील तिथे उजेड नेत राहिला.