गुरुवारचा कोट

मित्रांनो, मी एक जुनी पायमशीन आहे. थायलंडात लोपबुरी गावी स्टेशनसमोरच्या गल्लीत थावोर्न शिंप्याचे दुकान आहे, त्याच्या दाराशी मी बसते. माझे अंग काळे आहे. त्यावर पूर्वी सोनेरी वेलबुट्टी होती. ती आता फक्त चाकामागे, जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे उरली आहे. गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देते. मी फार मत्सरी आहे. लोखंडाला कसला आलाय मत्सर, असे तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अजून कुणाच्या शेजारी वीस वर्षे बसलेले नाही.

माझा जन्म दूरच्या थंड देशातल्या कारखान्यात झाला. लाकडी पेटीत, पेंढ्यात गुंडाळून मी बोटीने बँकॉकला आले आणि तिथून मालगाडीने इथे. थावोर्नचे लामाईशी लग्न झाले त्याच महिन्यात त्याने मला घरात आणले. लामाई माझ्याकडे सवतीसारखी बघत असे, कारण नवरा बोलायचा तिच्याशी, पण हात फिरवायचा माझ्यावर. त्या दिवसांची आठवण आली की अजूनही माझे चाक हलके होते. शाळेचे सदरे, नवरीचे रेशमी पोलके, स्टेशनमास्तरांची विजार, सगळे माझ्याच सुईखालून जात असे. आमच्या गावात माकडे जितकी, तितकेच गणवेश. लष्कराच्या छावणीतले अधिकारी कापड घेऊन येत आणि बाहीवरच्या पट्ट्या मी लावत असे. माकडे गॅलरीतून येऊन पितळी बटणे पळवत. थावोर्न फूटपट्टी घेऊन त्यांच्यामागे धावे, आणि मी अर्ध्या बाहीवर सुई टेकवून त्याची वाट बघे. मी एकटी होते आणि सुखात होते.

मग एकोणीसशे सत्तावन्न साल आले. एके दिवशी रेडिओवर सकाळपासून फौजेची धून वाजू लागली. सरकार गेले आणि सेनापतींचे आले. रणगाडे बँकॉकला होते, पण त्याचे काम आमच्या दुकानात येऊन पडले. ज्यांना बढती मिळाली, त्या सगळ्यांना नवे गणवेश हवे होते. मी दिवसभर धावत होते तरी ढीग कमी होईना. तेव्हा कॅप्टन अदिरेक नावाचा एक तरणाबांड अधिकारी हसून म्हणाला, की या म्हातारीला आता पडदे शिवू दे. पुढच्याच आठवड्यात त्याच्या ओळखीने विजेवर चालणारी नवी मशीन आली.

ती हिरवी होती. तिच्या पोटात एक छोटा दिवा होता, सुई खाली गेली की तो टाक्यावर उजेड पाडी. तिला पंख्याखाली, खिडकीपाशी जागा मिळाली. मला दाराशी सरकवले, जिथे रस्त्यावरची धूळ येते. तिला दर शनिवारी तेल मिळे. मला कुरकुर ऐकू आली की मिळे. खाकी कापड तिचे झाले. उसवलेल्या उशा, फाटलेल्या मच्छरदाण्या आणि लामाईची जुनी झालेली लुंगी माझी झाली. रेडिओवर ती धून वाजली की थावोर्न हात धुऊन तिच्यापाशी जाऊन बसे. त्या धुनेनंतर काय होते, कोण तुरुंगात जाते, कुणाची वर्तमानपत्रे बंद पडतात, याचा मी विचार करत नसे. तिला काम मिळते, एवढेच मला दिसे.

बारा वर्षांनी निवडणूक झाली आणि माझे दिवस थोडे फिरले. प्रावेत मास्तर आमच्या भागातून निवडून आले. लहानपणी ते आणि थावोर्न देवळाच्या शाळेत एकाच बाकावर बसत. थावोर्न हिशेबात हुशार होता, पण बाप खोकल्याने गेला आणि त्याला कात्री हातात घ्यावी लागली. प्रावेत शिकला, मास्तर झाला आणि आता संसदेत चालला होता. संसदेच्या उद्घाटनाला पांढरा कोट लागतो, उभ्या कॉलरचा, पितळी बटणांचा. तो शिवायला मास्तर मित्राकडेच आले. हिरवीला खाकी रंगाचे आणि काळपट तेलाचे डाग होते, म्हणून थावोर्नने पांढरे कापड माझ्यावर घेतले. गल्लीतले लोक बघायला जमले. मी एकही टाका चुकवला नाही. थावोर्नने कोट मास्तरांच्या खांद्यावर चढवला, पाठीवरची घडी सारखी केली आणि म्हणाला की शोभतोस. पण त्याचा हात घडीवरच राहिला, जरा जास्तच वेळ. मी तो हात ओळखते, मित्रांनो. मी हिरवीकडे तशीच बघत असे.

दोन वर्षांत संसद बरखास्त झाली आणि कोट ट्रंकेत गेला. पुढे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सेनापती देश सोडून गेले, आणि पुन्हा निवडणुका झाल्या. कोट ट्रंकेतून बाहेर आला. मास्तरांचे पोट सुटले होते, म्हणून मी तो अर्धे बोट सैल केला. मला वाटले, आता असेच चालणार.

एकोणीसशे शहात्तरच्या ऑक्टोबरमध्ये बँकॉकला विद्यापीठाच्या आवारात मुलांवर गोळ्या झाडल्या, आणि त्याच संध्याकाळी सत्ता पुन्हा फौजेच्या हाती गेली. आमच्या दुकानात ती धून वाजली. दोन दिवसांनी भरदुपारी मास्तर आले. मिशा काढल्या होत्या, डोक्यावर शेतकऱ्याची टोपी होती. काखेत तो कोट, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कसणाऱ्यांना जमीन मिळावी म्हणून ते संसदेत बोलले होते, त्यामुळे त्यांची चौकशी सुरू झाली होती. ते घरी झोपत नव्हते. कुठे झोपतात ते त्यांनी सांगितले नाही, आणि थावोर्ननेही विचारले नाही.

कोटाचे अस्तर खांद्यापाशी उसवले होते. मास्तर म्हणाले की मागे संसद गेली तशी परत आली होती, आताही येईल, आणि त्या दिवशी आपण फाटक्या कोटात जाणार नाही. गुरुवारी सकाळी येऊन घेऊन जाईन म्हणाले. मग निघताना, अगदी सहज, दारात वळून म्हणाले,

"थावोर्न, या खेपेला त्या हिरवीवर घे बरं का. तिचा टाका बारीक पडतो. आणि तुझा हातही आता पहिल्यासारखा राहिला नाही."

ते हसले. थावोर्नही हसला. मी हसले नाही. सात वर्षे ज्या एका कोटाच्या जिवावर मी मान वर करून बसले होते, तो कोट थावोर्नने उचलून खिडकीपाशी नेला.

सोमवारी कर्नल अदिरेक आले. हो, तेच. आता कर्नल झाले होते आणि नव्या गणवेशाचे माप द्यायला आरशासमोर उभे होते. थावोर्नच्या तोंडात टाचण्या होत्या. कर्नलांनी आरशातूनच हिरवीच्या टेबलावरचा पांढरा कोट बघितला.

"प्रावेत मास्तरांचा ना हा?" त्यांनी विचारले. "कधी नेणार आहेत?"

आवाजात धमकी नव्हती. पावसाचा अंदाज विचारावा तसे त्यांनी विचारले. थावोर्नने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. तो गप्प राहू शकला असता. ठाऊक नाही म्हणू शकला असता.

"गुरुवारी," तो म्हणाला. "सकाळी."

मित्रांनो, आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितले नाही. त्या क्षणी मला बरे वाटले. जाऊ दे तो कोट, जाऊ दे ते मास्तर, असे मला वाटले. ज्याने मला नाकारले त्याचे काहीही होवो. ही भावना गरम होती आणि गोड होती, आणि ती माझ्या चाकापासून सुईच्या टोकापर्यंत भरली होती.

कर्नल गेले. पडद्यामागे लामाई मासे तळत होती. तिने कढई उतरवली आणि लुंगीला हात पुसत बाहेर आली.

"पी," ती म्हणाली, नवऱ्याला ती आदराने अशीच हाक मारी, "गुरुवार का सांगितलात?"

"कर्नलसाहेबांनी विचारलं."

"विचारलंच होतं ना? मारलं तर नव्हतं."

 चपला घालून थावोर्न समोरच्या शेवयांच्या दुकानात जाऊन बसला. वाडगा पुढे आला, पण त्याने खायच्या काड्या उचलल्याही नाहीत. मला दारातून दिसत होते.

लामाईने कोट उचलला. कात्री घेतली आणि आधी कॉलर उसवली, मग बाह्या, मग पाठ. एकेक पितळी बटण काढून तिने विड्याच्या डब्यात टाकले. तिला विजेची मशीन चालवता येत नव्हती, म्हणून ती माझ्यापाशी बसली. म्हणजे याही वेळी माझी निवड गुणावर झाली नाही. मास्तरांना दोन लहान मुली होत्या, पहिलीत आणि तिसरीत. त्या कोटातून लामाई शाळेचे दोन पांढरे सदरे बेतत होती.

पहिल्या बाहीला मी धागा तोडला. मुद्दाम तोडला. तिने पुन्हा ओवला. मी पुन्हा तोडला. तेव्हा लामाईने काम थांबवले आणि माझ्या अंगावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तिने मला कधी हात लावला नव्हता, लागला तर चुकून. ती हळूच म्हणाली, "बाई गं, एवढं होऊ दे."

तिने तिसऱ्यांदा धागा ओवला. तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की गुरुवारी दारात नुसता एक कोट उभा राहणार नव्हता. त्यात माणूस असणार होता. त्यानंतर मी धागा तोडला नाही.

सदरे घेऊन ती उन्हात निघाली. मास्तरांच्या घरासमोर पाळत ठेवायला दोन माणसे स्टुलावर बसून असत. त्यांच्यासमोरून ती सदरे हातावर टाकून उघड गेली. हे तिनेच पुढे सांगितले. मास्तरांच्या बायकोला ती म्हणाली, की हे मास्तरांच्या कोटातून झालेत, तेव्हा गुरुवारी न्यायला आता काही उरलेले नाही, एवढा निरोप पोचता करा. मास्तरांच्या बायकोने सदऱ्याची शिवण अंगठ्याने दाबून बघितली. मग शिवण छान झाली म्हणाली आणि आत गेली.

गुरुवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती. कर्नल आमच्या बाकावर बसून बर्फ घातलेली कॉफी पीत होते. दहा वाजले, अकरा वाजले. कुणी आले नाही. शेवटी त्यांनी कोट मागितला. थावोर्नने हिरवीच्या टेबलाकडे पाहिले आणि मग बायकोकडे.

"कापड विरलं होतं, साहेब," लामाई म्हणाली. "मी त्याचे पोरींना सदरे शिवले. शाळा चालूच आहे ना."

 कर्नलांनी पेला खाली ठेवला आणि आपला अर्धवट गणवेश उचलून ते निघून गेले. त्या दिवसापासून छावणीचे कापड आमच्याकडे यायचे बंद झाले. हिरवीवर चादर पडली. शाळेचे सदरे, परकर, विजारी, सगळे पुन्हा माझ्याकडे आले. शनिवारचे तेलही मला मिळू लागले. वीस वर्षे मी हेच मागत होते. पण थावोर्न माझ्यावर बसे तेव्हा त्याचा पाय जड पडे, आणि नवराबायको एका दुकानात बसून दिवसदिवस बोलत नसत. मित्रांनो, तसल्या शांततेत तेलाला चव नसते.

चार वर्षांनी सरकारने माफी जाहीर केली आणि फौजेच्या भीतीने पळून जंगलात गेलेले लोक परत येऊ लागले. मास्तरही आले. मी त्यांना ओळखलेच नाही. गाल बसले होते, मलेरियाने कातडी पिवळी पडली होती. त्यांना एक साधा सदरा हवा होता, खाजगी शिकवणीला घालायला. लामाईने त्यांना पाणी दिले आणि ती पडद्यामागे गेली. थावोर्न टेप घेऊन उभा राहिला. छाती मोजली, खांदा मोजला, आणि टेप त्याच्या हातातून सुटली.

"गुरुवार मीच सांगितला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "गुरुवार मी तुला एकट्यालाच सांगितला होता."

थावोर्न खाली बघत राहिला. "तू पांढरा कोट घालायचास. मला बघवायचं नाही."

मास्तरांनी वाकून टेप उचलली आणि त्याच्या हातात दिली. "तेव्हाही मला वाटायचं, याला काहीतरी सलतंय. मी विचारलं नाही. कोट आवडायचा ना मला." मग त्यांनी हात बाजूला धरला. "दंडाचं माप घे. बारीक झालाय."

थावोर्नने माप घेतले. मग हिरवीवरची चादर काढली, तिचा दिवा लावून बघितला आणि सदरा तिच्यावरच शिवला, कारण तिचा टाका खरोखर बारीक पडतो. मला वाईट वाटले. खोटे कशाला सांगू? पण त्या दुपारी पडद्यामागून लामाईने नवऱ्याला जेवायला हाक मारली, चार वर्षांत पहिल्यांदा 'पी' म्हणून, आणि ती मी ऐकली.

त्यालाही आता खूप वर्षे झाली. रेडिओ जाऊन टीव्ही आला, टीव्ही जाऊन फोन आले, आणि फौजेची धून त्या सगळ्यांवर कधी ना कधी वाजली. राज्यघटना इतक्या वेळा नव्याने लिहिली गेली की थावोर्नने आकडा लक्षात ठेवणे सोडून दिले. हिरवी एका उन्हाळ्यात जळून बंद पडली आणि भंगारवाला तिला हातगाडीवर घालून घेऊन गेला. त्या दिवसाची मी कितीतरी वर्षे वाट बघितली होती. गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा तिची रिकामी खिडकी मला बघवेना. थावोर्न गेला, मास्तर गेले. लामाईची भाची आता दुकान बघते आणि माझ्यावर फोन चार्जिंगला ठेवते.

मित्रांनो, मत्सर करू नका असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला ते जमले नाही, तुम्हालाही जमायचे नाही. जुन्या मशीनला अधूनमधून तेल द्या, पट्टा सैल झाला तर वेळेवर बदला, एवढी काळजी घ्या. आणि एक लक्षात ठेवा. ज्याचा तुम्हाला हेवा वाटतो, तो कधी येणार म्हणून कुणी गणवेशातला माणूस तुम्हाला सहज विचारील. तेव्हा टाचण्या तोंडातच असू द्या.