शिवगंगेची जागा

कमानपेठेची निजामी वेस ओलांडून गाडी सिंदफणेकाठच्या बागांत शिरली, तेव्हा गुरुलिंगअप्पा खिडकीला नाक लावून बसले होते. या पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं, नदीकाठी मोसंबीची बाग होती. बायको, शिवगंगा, गेली तेव्हा तिला बागेतच, लिंगायतांच्या रीतीने, मांडी घालून बसती समाधी दिली. पुढे बाग विकून ते लातूरला लेकीकडे गेले. हल्ली मात्र त्यांनी एकच घोशा लावला होता: मला तिच्या शेजारी बसवा. लेकीने, शिवांजलीने, आधी टाळलं, मग ती चिडली आणि शेवटी तिनेच गाडी काढली.

बागेची नवी मालकीण जाईबाई मोकळ्या मनाची निघाली. पण जुनी झाडं काढून नवी लावताना समाधीचा दगड हलला होता, आणि जागा नेमकी कुठे ते तिलाही सांगता येईना.

बहर धरायचा म्हणून बागेचं पाणी तोडून ताण दिला होता. सगळी पानं मलूल. एकच झाड हिरवंगार, आणि त्याच्या बुडाशी ओल.

"ह्ये झाड ताण घेतच न्हाई," जाईबाई म्हणाली. "नळी बंद हाय, तरी बूड वलं. गडी इकडं फिरकत बी न्हाईत."

"कावून?" अप्पांनी विचारलं.

"दुपारचं एक बाई बसलेली दिसती. मी बी बघितलंय. मांडी घालून, नदीकडं तोंड करून. काई करत न्हाई बिचारी."

शिवांजलीच्या अंगावर सरसरून काटा आला. अप्पांनी मात्र चपला काढल्या आणि ते झाडाखाली जाऊन बसले.

"हीच जागा," ते म्हणाले. "नदीकडंच तोंड केलतं तिचं."

शिवांजलीचा जीव भांड्यात पडला. तिने जाईबाईला बाजूला नेऊन हात जोडले. "वेळ येईल तेव्हा इथं थोडी जागा द्याल का?"

"देईन की. कावून न्हाई देणार?" जाईबाई जरा घुटमळली. "पर ताई, एक सांगते. इतकी वर्सं ती बुंध्याला टेकून मधोमध बसायची. या आठवड्यापासून सरकून बसतीय. कुणाला जागा करून दिल्यावानी."

शिवांजलीला वाटलं, ही जागा सापडलीच नसती तर फार बरं झालं असतं. ती धावत झाडाकडे गेली.

"अप्पा, उठा. घरी जाऊ."

"तू हो म्होरं," अप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. "आमचं बोलणं चालू हाय."