यशू, मला हात लावू नकोस

मी कूलर बोलतोय. बोलतोय म्हणजे घरघरतोय. त्या घरघरीत माझी ओरड कोणाला ऐकू येत नाही, हेच माझं दुःख आहे.

माझा जन्म जबलपुरातलाच. सदर बाजाराच्या मागे एका कारागिराने पत्रा वाकवून मला उभं केलं, तीन बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बसवल्या, खालच्या टाकीत छोटा पंप सोडला. शहरातल्याच गोरखपूर भागातल्या या घरी आलो तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले नीलकंठराव माझ्यासमोर बसून म्हणाले, "वा! पचमढीची थंड हवाच आली की घरी!"

मग एका उन्हाळ्यात पंपाच्या वायरीचं आवरण घासून निघालं आणि वीज माझ्या अंगात उतरली. नीलकंठरावांचा मुलगा स्वप्निल पाणी भरत होता. त्याने हात झटकला आणि हसला. "अरे, हा तर करंट मारून राहिला!"

माणसांची गंमत पाहा. त्यांनी मला दुरुस्त केलं नाही, माझी सवय करून घेतली. सून विभावरी मला पुसायची ती रबरी चप्पल घालून. पाहुणे आले की त्यांना चहासोबत सांगायचे, "त्याला हात नका लावू हं, जरासा झटका देतो." जणू मी घरातला तिरसट काका!

नीलकंठरावांनी टेस्टर लावून पाहिला. "स्वप्निल, याला अर्थिंग नाही. सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे, मागे तारच नाही."

"बाबा, सगळ्यांकडे असंच चालतं. तुम्ही चिंता करायला कारणच शोधून राहता."

नीलकंठरावांनी टेस्टर खिशात ठेवला. पुढे कितीदा तरी एकटेच माझ्यासमोर पुटपुटायचे, "मी उगाच घाबरवतोय का सगळ्यांना?"

त्यांची नात यशश्री अजून शाळेतही जात नाही. माझ्या जाळीसमोर तोंड धरून "आऽऽऽ" करणं हा तिचा आवडता खेळ. पंख्यात आवाज थरथरतो आणि ती खिदळते, "आजोबा, देखो ना, मी रोबोट!"

परवा टाकी भरून पाणी फरशीवर वाहिलं होतं. यशू आंघोळ करून तशीच ओल्या अंगाने, अनवाणी धावत आली. मला मागे सरकता येत नाही. पंखा थांबवता येत नाही. तिने माझ्या पत्र्यावर बोटं टेकवली मात्र, आणि ती मागे फेकली गेली.

नीलकंठरावांनी धावत जाऊन बटण बंद केलं. यशूला रडूही येत नव्हतं. नंतर ती रडली, तेव्हा कुठे घराने श्वास घेतला.

"विजेचा मिस्त्री आल्याशिवाय हा लावायचा नाही," ते म्हणाले. सगळ्यांनी मान डोलावली. मिस्त्री फोनवर "कल पक्का, भैया" म्हणत राहिला. नवतप्याचं, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांचं, ऊन भिंतींतून आत येत होतं. यशूची पाठ घामोळ्यांनी लाल झाली. आज दुपारी विभावरीच म्हणाली, "बाबा, पोरगी भाजून राहिली हो. थोडाच वेळ लावू. मी लक्ष ठेवते ना."

नीलकंठराव बटणापासून बाजूला झाले. स्वप्निलने बटण दाबलं.

आता माझ्या गार वाऱ्यात सगळे झोपलेत. लक्ष ठेवणारी विभावरीसुद्धा. नीलकंठराव दोनदा बटणापर्यंत गेले आणि नातीच्या पाठीकडे पाहून परत आले. शेवटी त्यांनी आपली खुर्ची माझ्या आणि तिच्या मधे ओढली. तिथे बसून ते पहारा देताहेत. पण वारा सरळ त्यांच्या मानेवर लागतोय, त्यांची हनुवटी छातीवर टेकू लागलीय.

आणि यशू जागी झालीय.

"आजोबा, सरको ना," ती कुजबुजते. आजोबांचे डोळे मिटलेले. ती खुर्चीच्या बाजूने वाट शोधतेय. पायांत काही नाही. बोटं तोंडात घालून ओली केलेली.

वाचणाऱ्या बाबांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल आणि तो "जरासा" झटका देत असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. आधी बटण बंद करा, प्लग काढा. मिस्त्री येईपर्यंत पोरांना गच्चीत निजवा, ओल्या पंच्याने वारा घाला. उकाड्याने पोर रडेल, रडू द्या.

माझ्याने एवढंच होतं, घरघरणं. तेच जोरात करतोय. नीलकंठराव, डोळे उघडा हो. बटण बंद करा. मला गप्प करा.