कादंबरी सुस्थळी पडावी म्हणून

आमच्या इमारतीत खाली वाचनालय आणि वर माझं लग्नं जुळवायचं कार्यालय. ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा अध्यक्षांनी वाचनालयाची किल्लीही माझ्याच हातात ठेवली. म्हणाले, "ताई, माणसाला माणूस जुळवता, मग माणसाला पुस्तक जुळवायला काय जातंय?"

मला नाही म्हणता येत नाही. पण काम मला एकाच पद्धतीनं येतं, तेव्हा त्याच पद्धतीनं सुरू केलं.

वाचकानं घरचं एक वडीलधारं माणूस सोबत घेऊन वर माझ्या कार्यालयात यायचं. कादंबरी मी खालून पुसून आणते आणि टेबलाच्या मधोमध ठेवते. पहिल्या भेटीत चार पानं, तीही सगळ्यांच्या देखत. आधीच्या वाचकांकडे चौकशी खुशाल करावी, मात्र तिच्यासमोर नको. नकार असेल तर गोड शब्दांत कळवावा. रोज सकाळी पूजा आटोपली की मी नेम करते, आज कुणाचे खोटे गुण गायचे नाहीत. या नेमापायी लग्नाची कितीतरी स्थळं हातची गेली. पुस्तकांच्या बाबतीत मात्र त्याचा लौकिक झाला. 'पुस्तक न्या' म्हटलं की कुणी नेत नसे. 'बघायला या' म्हटल्यावर घरंच्या घरं यायला लागली.

त्या शनिवारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. सोबत त्यांचे थोरले भाऊ. भावाचा जन्म दुकानांतली वजनमापं तपासण्यात गेलेला. बसायच्या आधीच त्यांनी टेबल हलवून ते डुगडुगतं का ते पाहिलं.

"उद्या माझी मुलगी येणार आहे," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मैत्रिणीला घेऊन. मैत्रीण म्हणजे... दोघी एकत्र राहतात. जोडप्यासारख्या. मी बोलून गेले, एकटी ये. ती म्हणाली, आलो तर दोघी, नाहीतर कुणीच नाही. आज संध्याकाळी फोन करणार आहे. त्याआधी मला काहीतरी वाचायला द्या हो. काय बोलायचं तेच सुचत नाही."

"आधी रीतसर बघू," भाऊ म्हणाले. "पहिल्याच स्थळाला हो म्हणायचं नसतं."

मग मी रीतीप्रमाणे प्रेमकथा आणली. एकाच गल्लीतले दोन बेकरीवाले, हाडवैरी, आणि त्यांतल्या एकाची बहीण. भावांनी ती तळहातावर तोलली.

"हलकी आहे."

"स्वभावानं हसरी आहे," मी म्हणाले. "पण मधल्या भागात उगाच रुसते. चांगली पन्नास पानं."

"रुसणारी नको. आमच्या घरात आधीच एक आहे."

"कोण रे?" नर्सबाई म्हणाल्या.

"पुढची आणा," भाऊ म्हणाले.

पुढची अद्भुतकथा. एक म्हातारी गच्चीवर ड्रॅगन पाळते आणि सगळं शहर त्याच्या उबेवर हिवाळा काढतं. भाऊ खुलले. ड्रॅगनचं वजन किती, ते कोणी केलं, काटा प्रमाणित होता का, सगळं विचारलं.

"वजन दिलेलं नाही," मी खरं ते सांगितलं. "शिवाय तिच्या मागे सहा धाकट्या बहिणी आहेत. हिला केलंत तर त्याही येणार."

"सात भाग? नको रे बाबा!"

"दादा, घड्याळ बघ," नर्सबाई म्हणाल्या. "मला कशासाठी हवी ते मी आल्या आल्या सांगितलं."

मी तिसरी आणली. बसमधली एक कंडक्टर आणि घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई, दोघींचं प्रेम आणि संसार. भाऊ तिच्याकडे सरळ बघेनात. परक्या घरात बसल्यासारखे गुडघे जुळवून बसले.

"शेवट चांगला होतो ना?"

"मला माहीत नाही. मी शेवट वाचत नाही. लग्न लावून दिलं की मी त्या घरी डोकावत नाही, तसंच."

"म्हणजे माल न तपासताच देता? आणा इकडे. आधी मी वाचतो, मग हिला."

त्यांनी चार पानं वाचली. नियमाप्रमाणे मी हात पुढे केला. त्यांनी पुस्तक दुसऱ्या बाजूला वळवलं. नर्सबाई त्यांच्या खांद्यावरून वाचू लागल्या.

"उलटू नको, माझं व्हायचंय."

"किती सावकाश वाचतेस!"

"मी शब्दन्‌शब्द वाचते. तू वजन करतोस."

मी त्यांना दोनदा नियम सांगितला. मग सांगायचं सोडून दिलं आणि दिवा लावला. पानं उलटत होती. मध्येच भाऊ पुटपुटले, "अगं सांग ना आईला, सांगून टाक एकदाचं," तेव्हा नर्सबाई माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. पुढे कंडक्टर सांगते. पुस्तकातली आई ऐकून घेते आणि पोरीला म्हणते, एकटी येत जा.

नर्सबाई वाचायच्या थांबल्या. "हे तर माझंच वाक्य," म्हणाल्या.

"काय दुष्ट बाई आहे!" भाऊ पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले. "लेकीची उपाशीतापाशी पाठवणी केलीन्‌ बघ. दारातूनच!"

नर्सबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पण पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

"हां, बोल गं. ...नाही, ऐक, आधी मी बोलते. दोघी या. ...हो, दोघी. रागावले नाही, आवाज असाच आहे माझा. ...मामाही आहे ना. पण त्याच्याशी बोलायला जाऊ नका, तो वाचतोय."

पलीकडून काहीतरी मोठ्यानं विचारलं गेलं.

"पुस्तक, पुस्तक! बरा आहे तो."

"तिला विचार," भाऊ पान उलटत ओरडले, "ती आई पुढे दार उघडते का!"

"तुझं तू वाच," नर्सबाई म्हणाल्या, आणि फोन कानाला धरूनच जिना उतरायला लागल्या. "तुझ्या तिला तिखट चालतं का गं?"