मुंडावळीचे शहात्तर मणी

मी एक प्रोग्राम बोलतोय, बावीस ओळींचा. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, कमानिया गेटजवळ शालिग्रामकाकांचं मण्यांचं दुकान आहे, तिथल्या जुन्या लॅपटॉपमध्ये माझा मुक्काम.

माझा जन्म एका वैतागातून झाला. पूर्वी काका तोरणाचा नमुना बोलून सांगायचे आणि विनीताकाकू ओवायच्या. मध्येच एखादं गिऱ्हाईक "राम राम भैया" म्हणालं, की काकूंची गिनती चुकलीच! सगळी माळ उसवा. काका दहावी पास, पण जिद्दीचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पडल्या पडल्या मोबाइलवर बघून पायथन शिकले आणि मला लिहिलं. माझं काम साधं. "३(म२(ल))" असं दिलं की आधी आतला कंस सोडवायचा, मग बाहेरचा, आणि पडद्यावर मांडायचं: मोती, लाल, लाल, असं तीनदा. काकू पडद्याकडे बघून ओवतात.

आल्यागेल्याला चहा पाजून काका माझं कौतुक सांगत. मीही फुशारलो होतो.

एके सकाळी दहाला स्वानंदी धावत आली. हातात वाटी, वाटीत मणी. "काका, ताईची मुंडावळ तुटली! आईनं ओवलेली. पावणेबाराचा मुहूर्त आहे!"

तिची आई दीड वर्षापूर्वी गेली. आजारपणात याच दुकानात बसून, स्वतः मोजून, तिनं मेघासाठी, थोरल्या लेकीसाठी, ती ओवली होती. नमुना काकांच्याच पद्धतीनं चिठ्ठीवर लिहून मुंडावळीच्या डबीत ठेवला होता. ती चिठ्ठीही स्वानंदीनं आणली होती.

"ताई म्हणते, तीच बांधीन. नाही तर कोऱ्या कपाळानं उभी राहीन."

काकांनी चिठ्ठी टाइप केली: ५(३(म)स)१२(म२(ल))५(३(म)स). स म्हणजे सोनेरी. मी क्षणात उलगडली. काकूंनी भराभर ओवून स्वानंदीच्या कपाळाला लावली, तर ती कपाळभरसुद्धा पुरेना. वाटीत मणी मात्र उरलेले.

"चिठ्ठीतच गडबड असंन," काका म्हणाले. "आजारी होती बिचारी. मशीन कशी चुकंन? उरलेले अंदाजानं घालून देतो, चलो."

"आई नाही चुकली." स्वानंदीचा आवाज चिरकला. "अंदाजानंच करायचं तर बाजारात तयार मिळतात की, काका!"

"गेलेल्या बाईला काहून नावं ठेवून राहिले?" काकू करवादल्या. "आधी मोजा न, काय उरलं ते!"

मला फक्त उलगडता येतं, कबूल करता येत नाही.

पावणेअकरा झाले. लग्नाचा हॉल लांब, सिव्हिल लाइन्समध्ये, रस्त्यात गर्दी. काकांनी वाटी रुमालावर पालथी केली. दहा मोती, वीस लाल. सोनेरी एकही नाही.

काका थबकले. व्यापाऱ्याचं डोकं ते! "एका मोत्यामागं दोन लाल, असे दहा जोड. म्हणजे मधला भाग बाराच्या जागी दोनदाच आला." मग डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "अच्छा! म्हणजे तू आहेस तर!"

मीच होतो. मी एकेक आकडा वाचायचो, आणि पुढचा दिसला की मागचा विसरायचो. बारातला एक वाचला, दोन दिसला, एक विसरलो. आमच्या तोरणांत नऊच्या वरचा आकडाच नसायचा, म्हणून माझी खोट कधी उघडी पडली नाही. काकांनी एक ओळ बदलली: मागच्या आकड्याला दहानं गुणायचं, पुढचा त्यात मिळवायचा.

काकूंनी शेवटचे वीस मणी काढले, मधले भरले, वीस पुन्हा ओवले. वाटी रिकामी झाली. शेवटचा सोनेरी मणी गाठीपाशी बसला तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं. स्वानंदी स्कूटीवर बसली, मग उतरून परत आली, काकांच्या पाया पडली.

"माझ्या नको, बेटा," काका म्हणाले. "मी तर तुझ्या आईलाच चुकीची म्हणून राहिलो होतो."

अकरा चव्वेचाळीसला फोटो आला. मेघाच्या कपाळावर शहात्तरही मणी.

आता रोज दुकान उघडलं की काका आधी त्या चिठ्ठीतली ओळ मला देतात. शहात्तर आले, तरच दुसरं काम. मला त्यात कमीपणा वाटत नाही. फक्त एक विनवणी आहे: पडद्यावर दिसतं म्हणून कुणाच्या हातची चिठ्ठी खोटी ठरवू नका. त्याआधी वाटीत काय उरलंय, ते एकदा मोजा.