बिनमालकाचं विष

उर्वशीनं कॉलेज सोडलं, घाटंजीतल्या कापडदुकानातलं काम सोडलं, जमलेलं लग्नही मोडलं. चंदाबाईचं अंगण तेवढं तिनं धरून ठेवलं. तिथं साप चावलेल्याचं विष उतरवायची विद्या मिळायची. कडुलिंबाच्या डहाळीनं डोक्यापासून पायापर्यंत झाडत यायचं, विष आपल्या तळहातावर घ्यायचं आणि सापाला हाक मारायची. साप यायचा, आपलं विष चाटून निघून जायचा. सोबत साकेत शिकत होता, इंजिनिअरिंगला नापास होऊन घरातून पळालेला.

त्या साली कपाशीवर बोंडअळी माजली होती. उर्वशीचा भाऊ रवी लोकांच्या वावरात मजुरीनं फवारणी करायचा. वारा फिरला आणि औषध त्याच्या तोंडावर आलं. दवाखान्यातून तो घरी आला, पण डोळ्यांपुढचं धुकं काही हटेना. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. उर्वशीला तेवढंच जमत नव्हतं.

"मावशी, रवीचं मी उतरवीन."

"नको," चंदाबाई म्हणाली. "ते सापाचं नाही, डब्यातलं हाय. उतरवशीन, पण वापस कोणाले देशीन?"

"औषधाच्या कंपनीले फोन लावू," साकेत म्हणाला.

"तू आधी तुह्या बापाले लाव," उर्वशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चंदाबाई बाजाराला गेली तशी उर्वशी डहाळी घेऊन घरी निघाली. साकेतही मागोमाग आला. रवी अंगणात बाजेवर बसला होता, पायाशी कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"कोण हाय?"

"मी. हालू नको."

"काय करून राह्यली तू?"

"तुले झाडून राह्यली. चूप बस."

विष आलं. सापाचं कोमट असे. हे थंडगार होतं, फवाऱ्याच्या वासाचं. मूठ मिटून तिनं हाक मारली. परत मारली. कोणीच आलं नाही. हातातल्या डहाळीची पानं मात्र काळी पडून गळाली.

"झटकून टाक मातीत," साकेत म्हणाला.

"कोंबड्या दिसत नाही काय तुले?"

"मंग अर्धं मले दे."

"एक परीक्षा धरून ठेवता आली नाही तुले, हे कसं धरशीन?"

साकेतला राग आला नाही. त्यानं पुढं केलेला हात तसाच ठेवला. तेवढ्यात रवीनं डोळे चोळले.

"उर्वे, कोणाचा पोट्टा हाय हा? अन् तुह्या मुठीत काय हाय?"

त्याला दिसत होतं. तो उठून जवळ यायला लागला, तशी ती मागं सरली.

"त्याले धरून ठेव," ती साकेतला म्हणाली आणि बाहेर पडली.

कुठंतरी पडीक जागा मिळेल, जिथं कोणी राबत नाही, तिथं हे सांडू, असं तिच्या मनात होतं. मनगटापर्यंतचा हात बधिर झाला होता. ती भराभर चालत राहिली. पण ज्या त्या वावरात बाया वाकलेल्या होत्या, बांधावर लेकरं होती, बैल चरत होते. एका वावराच्या धुऱ्यावरून तिच्या शाळेतल्या मैत्रिणीनं, नलूनं, तिला ओळखलं.

"कुठं निघाली व उन्हाची? ये, पाणी पेऊन जा."

उर्वशीनं मूठ ओढणीत गुंडाळली आणि पुढच्या वावराकडं वळली. तिथंही कोणीतरी होतं.